रिकाम्या पोटी एक चमचा

नोकरीतली बरीच प्रकरणं आता एकमेकांत मिसळून गेली आहेत. कोणता पंचनामा कुठल्या गावचा, कोणता आरोपी कोणत्या ठाण्यातला, पटकन सांगता येत नाही. हे एक प्रकरण मात्र जसंच्या तसं समोर उभं राहतं आणि दर वेळी डोकं तापतं. निवृत्तीनंतर माणूस शांत होतो म्हणतात. या बाबतीत मी झालेलो नाही आणि व्हायची इच्छाही नाही.

तेव्हा मी बुलढाणा जिल्ह्याच्या उत्तरेकडे, सातपुड्याच्या पायथ्याजवळच्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. त्या वर्षी चैत्रातलं नवरात्र आणि रमजान एकाच वेळी आले होते. ऊन कडक, बंदोबस्त वाढलेला, निम्मे कर्मचारी कुठल्या ना कुठल्या चौकात उभे. अशा दिवसांत दुपारी ग्रामीण रुग्णालयातून खबर आली. वरवट बकालच्या पलीकडच्या एका गावातून पंचावन्नच्या आसपासची बाई बेशुद्धावस्थेत आणली होती. झटके येत होते. उपचार चालू असतानाच ती गेली.

ठाणे अंमलदाराने आकस्मिक मृत्यूची नोंद घेतली आणि मी रुग्णालयात पोचलो. शवागाराबाहेर अर्धं गाव जमलं होतं. मयत बाईचा भाऊ पुढे आला. चांगली बागायत असलेला, चार लोकांत वजन असलेला गृहस्थ. त्याने माझा हातच धरला.

“साहेब, माह्या बहिणीले तिच्या सुनेनं मारलं. लिहून घ्या.”

“काऊन म्हणता असं?”

“बाईले नवरात्राचा उपास होता. सकाळपासून पोटात काही नाई. दुपारी हिनं चहा देल्ला. चहा पेल्ली अन् थोड्या वेळात पडली. घरात दुसरं कोणी होतं काय, इचारा तिले.”

सून भिंतीला टेकून जमिनीवर बसली होती. पंचविशीची असेल. तिच्या आजूबाजूची जागा रिकामी होती. एवढ्या गर्दीत एकही बाई तिच्याजवळ बसली नव्हती. तिचा नवरा मामापासूनही लांब आणि तिच्यापासूनही लांब, लिंबाखाली उभा होता. कुठे उभं राहावं हे त्याला कळत नव्हतं.

महिला पोलिसाच्या समोर मी तिचा जबाब घेतला. तिने काहीच लपवलं नाही.

“भांडण होत जाय आमचं, खोटं कायले बोलू? मांगच्या हप्त्यातबी झालं, पाण्याच्या मोटरीवरून. पण म्या काई नाई टाकलं साहेब. चहात तं साखरबी नाई टाकली. आत्याबाईले शुगर होती. त्यायचा चहा म्या कवाच गोड केला नाई.”

घराची झडती पंचांसमक्ष झाली. चहाची कपबशी मोरीत तशीच पडलेली होती, न धुतलेली. इतक्या वर्षांत विषप्रयोगाची जी थोडी प्रकरणं पाहिली, त्यांत एक गोष्ट कधी चुकली नाही. विष देणारा माणूस आधी भांडं धुतो. इथे कपाच्या तळाशी चहा वाळून बसला होता. आम्ही कप, चहापत्ती, दूध, भगरीचं पीठ, शेंगदाणे, सगळं सीलबंद केलं. देवळीत देवाच्या तसबिरीशेजारी एक पांढरा प्लास्टिकचा डबा होता, त्यावर हिरव्या पानाचं चित्र. मधुमेहींसाठी आहारपूरक चूर्ण, शंभर टक्के वनस्पतीजन्य, कोणताही दुष्परिणाम नाही, सकाळी रिकाम्या पोटी एक चमचा. घरात मयत बाईच्या तोंडात जाण्यासारखं जे काही होतं, ते सगळं मुद्देमालात गेलं. तो डबाही गेला.

रुग्णालयातल्या वैद्यकीय अधिकारी तरुण होत्या, बोलायला मोजक्या. त्या म्हणाल्या, “विषाची नेहमीची लक्षणं मला दिसली नाहीत. आणलं तेव्हा रक्तातली साखर फार खाली होती. लगेच ग्लुकोज लावलं, पण उशीर झाला होता. घरचे म्हणतात, शुगरच्या गोळ्या कधीच्याच बंद आहेत. मग साखर एवढी खाली गेली कशाने, ते मला आज सांगता येत नाही. व्हिसेरा तपासणीसाठी राखून ठेवते.”

एवढंच हाताशी होतं. पण गावाचा निकाल लागून गेला होता. मयत बाईचा भाऊ रोज माणसं घेऊन ठाण्याच्या ओट्यावर येऊन बसे. एका पुढाऱ्याचा फोन आला. “बाईला आत घ्या की, लोक शांत होतील.” मी म्हटलं, लोकांना शांत करायला अटक करत नसतात. त्यांना ते आवडलं नाही. तिकडे गावात त्या सुनेच्या हातचं पाणीही कोणी घेईना. तिचे वडील तिला न्यायला आले, तर ती गेली नाही. “गेली तं म्हणतीन, केलं म्हणून पळाली,” असं ती आमच्या महिला पोलिसाला म्हणाली. तिचं बरोबर होतं. लोक तसंच म्हणाले असते.

पहिला दुवा त्या डॉक्टरबाईंनीच दिला. एका संध्याकाळी त्यांचा फोन आला.

“साहेब, जमलं तर लगेच या. उर्दू शाळेतले एक निवृत्त मास्तर आणले आहेत. रोजा होता. इफ्तारच्या आधी वजूसाठी हातपाय धुताना कोसळले. साखर मोजली तर यंत्रावर आकडाच येईना, नुसतं खाली असल्याचं दाखवतंय. ग्लुकोज दिलं, शुद्धीवर आले, आता पुन्हा खाली चालली आहे. आणि हेसुद्धा म्हणतात, गोळ्या बंद आहेत.”

मी गेलो. मास्तर पलंगावर पडून होते. अंग घामाने भिजलेलं, पण बोलू शकत होते. उशाशी त्यांची मुलगी बसली होती.

“गोळ्या तर कवाच्या सोडल्या साहेब,” ते म्हणाले. “साल भर से सिर्फ पावडर लेता हूँ. जडीबुटी का है. पहाटे सहरीला उठलो की अगोदर एक चमचा, मंग जेवण.”

“कोणती पावडर?”

मुलगी घरी जाऊन डबा घेऊन आली. पांढरा प्लास्टिकचा डबा, हिरवं पान.

डॉक्टरबाई मला बाहेर व्हरांड्यात घेऊन गेल्या. “उपाशी माणसाला अशक्तपणा येतो, चक्कर येते. पण साखर इतकी खाली आपोआप जात नाही आणि ग्लुकोज दिल्यावर पुन्हा पुन्हा उतरत नाही. कोणतं तरी औषध पोटात गेल्याशिवाय हे होत नाही. झाडपाल्यात मला हे कुठे माहीत नाही.”

मी विचारलं, “पण ते तर वर्षभर घेतायत. आताच का पडले?”

त्या म्हणाल्या, “वर्षभर ते दुपारी जेवत होते.”

त्या वाक्याने माझ्या डोक्यातला गुंता सुटला. मयत बाई नवरात्रात उपाशी. मास्तर रोज्यात उपाशी. एरवी दोघंही वेळेवर भाकरी खायचे आणि डब्यात जे काही होतं त्याचा फटका ती भाकरी झेलत होती. भाकरी बंद झाली आणि फटका थेट बसला. सून, चहा, मोटरीचं भांडण, या कशाचाच त्याच्याशी संबंध नव्हता.

हे चूर्ण विकणारा माणूस जवळच्या शहरात राहत असे. लोक त्याला डॉक्टरसाहेब म्हणत. तो डॉक्टर नव्हता. बरीच वर्षं तो औषध कंपनीचा एमआर होता, म्हणजे दवाखान्या-दवाखान्यांत जाऊन गोळ्यांची माहिती देणारा प्रतिनिधी. कोणती गोळी काय करते, किती द्यायची, कोणाला द्यायची नाही, हे त्याला चांगलं पाठ होतं. हे वाचकांनी नीट ध्यानात ठेवावं. हा अडाणी भोंदू नव्हता. गावोगाव शिबिर भरवायचा, यंत्रावर साखर मोजून दाखवायचा, डबा द्यायचा, काही दिवसांनी पुन्हा येऊन मोजायचा. आकडा खाली आलेला असायचा. मग लोक गोळ्या फेकून देत आणि शेजाऱ्यालाही डबा घ्यायला लावत. जळगाव जामोदच्या बाजारात तर त्याचा मंडपच लागे.

औषध निरीक्षकांनी नमुने घेऊन प्रयोगशाळेला पाठवले. अहवालाला वेळ लागणार होता. दरम्यान मी या गृहस्थाला नोटीस देऊन चौकशीला बोलावलं. तो इस्त्रीचे कपडे घालून, बगलेत फाइल घेऊन आला. फाइलमध्ये आभाराची पत्रं.

“शेकडो लोक घेतात साहेब. विचारा कोणालाही. यात मेथी, कारलं, जांभळाची बी, गुळवेल. बस. हा माल हरिद्वारहून तयार येतो, आम्ही फक्त डब्यात भरतो. एखाद्याला दैवानं काही झालं तर त्याला चूर्ण काय करणार? आणि त्या बाईंच्या सुनेबद्दल गावात काय बोललं जातं ते तुम्हाला माहीतच असेल.”

हे शेवटचं वाक्य तो अगदी सहज बोलला. स्वतःच्या डब्याने मेलेल्या बाईचा आळ तिच्या सुनेवर ढकलताना त्याचा आवाज जरासुद्धा बदलला नाही. मी अनेक चोर, दरोडेखोर समोर बसवले आहेत. त्यांतल्या बहुतेकांना कुठेतरी लाज होती.

प्रश्नोत्तरं चालली. तो कुठेच अडकत नव्हता. जेवणाची वेळ झाली तसा तो घड्याळाकडे पाहू लागला. घरून त्याचा डबा आला होता. तो म्हणाला, “साहेब, जेवायची परवानगी द्या. मलाही शुगर आहे. जेवणाआधी गोळी घ्यावी लागते.”

माझ्या शेजारी आमचे हवालदार जबाब लिहीत बसले होते. इकडचेच, निवृत्तीला आलेले. त्यांनी मान वर केली.

“गोळी? तुमी गोळी घेता?”

“हो, म्हणजे... डॉक्टरांनी दिलीय.”

टेबलावर तपासाला आणलेला एक बंद डबा होता. हवालदार त्याकडे बोट दाखवून म्हणाले, “अन् हे काऊन घेत नाई? घरचंच तं आहे.”

“नाही नाही,” तो चटकन म्हणाला, “रिकाम्या पोटी नको.”

हवालदारांनी डबा उचलला, चष्मा नीट केला आणि लेबल मोठ्याने वाचलं. “सकाळी रिकाम्या पोटी एक चमचा.”

त्या माणसाचा चेहरा उतरला. “तसं नाही म्हणालो मी. ॲसिडिटी होते मला, म्हणून...”

“जेवून घ्या,” मी म्हटलं. “गोळीही घ्या.”

त्याला जेवू दिलं. मी मात्र जेवलो नाही. त्या माणसाला सगळं ठाऊक होतं. उपाशी पोटी हे चूर्ण घातक आहे, हे त्याला डॉक्टरबाईंच्याही आधी ठाऊक होतं. तरी त्याने लेबलावर उपाशी पोटीच छापलं, कारण सकाळी उपाशी पोटी मोजलेला आकडा झपाट्याने खाली आला की गिऱ्हाईक खूश होतं.

पण पोलिसांसमोर बोललेल्या वाक्याला कोर्टात किंमत नसते. वस्तू हाती लागायला हवी होती. हरिद्वारची गोष्ट खोटी असणार हे उघड होतं. तिथून माल येत असता तर त्याची एखादी तरी पावती असती, पण फाइलमध्ये नुसती आभाराची पत्रं होती. त्या भागात गस्त घालणाऱ्या बीटच्या कर्मचाऱ्यांनी दोन दिवस नजर ठेवली. शहराबाहेर एका बंद पडलेल्या मसाल्याच्या गिरणीत दुपारी चक्की चालते, असं कळलं. औषध निरीक्षक आणि पंच बरोबर घेऊन आम्ही तिथे गेलो.

मेथीची, वाळलेल्या कारल्याची पोती होती. डबे भरणाऱ्या दोन बाया खाली बसलेल्या. त्यांना काही कल्पना नव्हती. एक म्हणाली, “दळण तं भाऊ सोताच करत. दार लावून. आमाले म्हणे, फॉर्म्युला आहे, कोणी पाहू नोका.” जांभळाच्या बियांच्या पोत्याखाली प्लास्टिकच्या पिशव्या निघाल्या. पांढऱ्या, बारीक, सुट्या गोळ्या. वेष्टण नाही, नाव नाही. निरीक्षकांनी त्या हातात घेतल्या आणि माझ्याकडे बघून नुसती मान हलवली. चक्कीच्या तोंडाशीही पांढरा चुरा चिकटलेला होता. पंचांनी सह्या केल्या, माल सील झाला.

अटक केल्यावर तो बोलू लागला. रडला वगैरे नाही. उलट त्याला मी समजून घ्यावं असं वाटत होतं.

“साहेब, मी कोणाला मारायला नाही टाकल्या. लोकांना फरक दिसायला पाहिजे ना. नुसत्या मेथीनं मीटर हलत नाही.”

“किती टाकायचास?”

“अंदाजानं.”

“अंदाजानं म्हणजे?”

“पोत्याला चार-पाच मुठी. कधी कमी, कधी जास्त.”

ज्या माणसाने डॉक्टरांसमोर उभं राहून मिलिग्रॅममध्ये मात्रा सांगितली, त्याने गावच्या लोकांसाठी मुठीने माप धरलं होतं. म्हणजे एका चमच्यात अर्धी गोळी, तर दुसऱ्यात तीन. कोणाच्या वाट्याला काय येईल, हे त्यालाही माहीत नव्हतं. स्वतःची गोळी मात्र तो डॉक्टरांच्या चिठ्ठीप्रमाणे, वेळेवर, जेवणाआधी घेत होता.

प्रयोगशाळेचा अहवाल आला. दोन्ही डब्यांत मधुमेहावरचं एक जुनं, स्वस्त औषध निघालं, व्हिसेऱ्यातही तेच निघालं आणि चहाच्या कपात काहीच निघालं नाही. सदोष मनुष्यवध, भेसळ, फसवणूक, अशी कलमं लागली.

दरम्यान एक काम अहवालाची वाट न बघता करावं लागलं. घराघरांतले डबे काढायचे होते आणि उपास, रोजे अजून चालू होते. मी देवस्थानच्या विश्वस्तांना आणि मशिदीच्या इमामांना ठाण्यात बोलावलं. दोघांनी एकच मजकूर आपापल्या भोंग्यावरून सांगितला: हा डबा घरात असेल तर घेऊ नका, ठाण्यात किंवा दवाखान्यात आणून द्या, आणि चक्कर आली, घाम फुटला तर उपास मोडून आधी साखर खा. मास्तर बरे होऊन स्वतः गल्लीगल्लीतून फिरले. डबे येऊ लागले, ठाण्याचा एक कोपरा भरला. पण एक आजी डबा पोटाशी धरून बसली, देईना.

“काऊन घेता साहेब? मले गुण आला यानं. तीनशेच्या वर राहे, आता खाली आली. तुमच्या दवाखान्याच्या गोळीनं नोती येत.”

“आजी, यातही गोळीच आहे. चोरून टाकलेली.”

“मंग त्यानं सांगायले नोको होतं काय?”

यापेक्षा नेमका प्रश्न मला कोणत्याही वकिलाने विचारलेला आठवत नाही. गोळी वाईट नव्हती. त्या आजीला गोळीची गरजच होती. पण गोळी आहे हे कळलं असतं, तर तिने उपासाच्या दिवशी ती टाळली असती, डॉक्टरांना विचारलं असतं. तिच्या हातून तेवढंच काढून घेतलं गेलं होतं. डॉक्टरबाईंनी तिला नीट मोजून गोळ्या लिहून दिल्या, तेव्हा कुठे तिने डबा सोडला.

अहवाल आल्यानंतर मी त्या सुनेला रुग्णालयात बोलावलं. तिला काय घडलं ते डॉक्टरांच्या तोंडून कळावं असं मला वाटत होतं, आमच्या तोंडून नव्हे. तिचा नवरा या वेळी तिच्या शेजारी बसला होता. डॉक्टरबाईंनी सगळं सोप्या शब्दांत सांगितलं. ती ऐकत होती. मग तिने विचारलं, “म्हणजे मॅडम, म्या त्या दिवशी चहात साखर टाकली असती तं?”

मी खाली बघितलं. डॉक्टरबाईंनी खोटं सांगितलं नाही. त्या म्हणाल्या, “कदाचित थोडा वेळ मिळाला असता. पण तुम्हाला जे सांगितलं होतं, तेच तुम्ही केलं. शुगरच्या माणसाला साखर देऊ नये, हे मीच सगळ्यांना सांगते. चूक तुमची नाही.”

ती रडली. एवढ्या दिवसांत मी तिला पहिल्यांदा रडताना पाहिलं. गावाने खुनी म्हटलं तेव्हा ती रडली नव्हती. नवऱ्याने तिच्या पाठीवर हात ठेवला. उशिरा का होईना, ठेवला.

मयत बाईच्या भावाला पुरवणी जबाबासाठी बोलावलं, तेव्हा ती दोघं ठाण्याच्या व्हरांड्यातच बसली होती. मी त्याला अहवाल वाचून दाखवला आणि म्हटलं, “बाहेर तुमची भाचेसून बसली आहे.”

“तवा मले जे सुचलं ते बोललो साहेब. बहीण होती माही.”

“तिला काही सांगायचं असेल तर सांगा.”

“आता काय सांगू,” तो म्हणाला. सही केली, टोपी घातली आणि तिच्यासमोरून खाली मान घालून निघून गेला. त्याला सक्ती करायला माझ्याकडे कलम नव्हतं.

आरोपी काही महिन्यांनी जामिनावर सुटला. खटला उभा राहिला, तारखा पडत राहिल्या, मी निवृत्त झालो. साक्षीला अजूनही जातो आणि पुढेही बोलावतील तेव्हा जाईन. मागे लोणार तालुक्यात बीबी या गावी एका नातेवाइकाकडे गेलो होतो, तिथे कपाटावर सांधेदुखीच्या चूर्णाचा डबा दिसला. कंपनी वेगळी, रोग वेगळा, पण मजकूर तसाच: शंभर टक्के वनस्पतीजन्य, तात्काळ आराम. मी विचारलं, किती दिवसांत बरं वाटलं? “दुसऱ्याच दिवशी,” ते म्हणाले. मी त्यांना तो डबा घेऊन दवाखान्यात पाठवलं. माझ्यावर ते जरा रागावले. रागावोत.

या प्रकरणाने मला काय शिकवलं, असं पुष्कळ जण विचारतात. झाडपाला झटपट गुण देऊ लागला की त्यात झाडपाल्याशिवाय दुसरं काय आहे ते विचारावं, हे तर आहेच. पण मला जास्त सलतं ते दुसरंच. इस्त्रीचे कपडे घातलेल्या, हात जोडून बोलणाऱ्या त्या माणसावर संशय घ्यायला आम्हाला डॉक्टर लागले, निरीक्षक लागले, प्रयोगशाळेचा शिक्का लागला. सासूला बिनसाखरेचा चहा करून देणाऱ्या सुनेवर संशय घ्यायला गावाला त्या दुपारी काहीच लागलं नाही.